महाविद्यालयीन प्रेमवीराची फजिती आणि झाडीपट्टी : काही निरीक्षणे

प्रास्ताविक

महाविद्यालयात शिकणारा, प्रेमात पडलेला तरुण आणि पदोपदी होणारी त्याची फजिती हा मराठी वाचकाच्या व प्रेक्षकाच्या चांगल्या परिचयाचा विषय आहे. चिठ्ठी भलत्याच हाती पडणे, मध्यस्थी करणाऱ्या मित्राने सगळा घोळ करून ठेवणे, तिच्यासाठी ग्रंथालयात बसायला लागल्यामुळे नकळत अभ्यास होऊन जाणे हे प्रसंग कादंबरी, नाटक, चित्रपट आणि महाविद्यालयांचे वार्षिकांक यांतून इतक्या वेळा आले आहेत की त्यांची समीक्षा करावी असे सहसा कुणाला वाटत नाही. हलकेफुलके लेखन म्हणून त्यांची बोळवण होते. प्रस्तुत लेखात या आशयसूत्राचा विचार चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात करावयाचा आहे. मनातला प्रश्न साधा आहे. मराठी साहित्यातल्या या प्रेमवीराचे महाविद्यालय पुण्यात असते, मुंबईत असते, अलीकडे सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या तालुक्यातही असते. ते सिंदेवाहीत, आरमोरीत किंवा अहेरीत का नसते?

हा प्रश्न मला ग्रंथालयात पडला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे संपादन माझ्याकडे होते. बी. ए. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने कथा दिली. कथेतला नायक रोज एसटीने महाविद्यालयात येतो. पुढच्या फाट्यावर ‘ती’ चढते, म्हणून तो शेजारच्या जागेवर रुमाल टाकून ठेवतो. एके दिवशी त्या रुमालावर कोंबडा घेतलेला एक म्हातारा येऊन बसतो आणि रुमाल कोंबड्याच्या अंगाखाली जातो. दुसऱ्या दिवशी तिच्या मागोमाग उतरायचे म्हणून नायक महाविद्यालयाचा थांबा सोडून पुढे जातो, तर ती शिष्यवृत्तीच्या कामासाठी बँकेत चाललेली असते. याला मात्र भर उन्हात तीन किलोमीटर मागे चालावे लागते. शेवटी तो धीर करून पत्र लिहितो. ते पत्र मराठीच्या गृहपाठाच्या वहीत राहते, वही प्राध्यापकांकडे जाते आणि प्राध्यापक ‘न’ व ‘ण’ यांच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून, खाली दहापैकी सहा गुण देऊन, ती परत करतात. कथा इथवर मला स्वच्छ आठवते. मी ती नाकारली. ‘विषय किरकोळ आहे, आपल्या जिल्ह्यातील वास्तव यात यायला हवे’ असा शेरा मी त्यावर लिहिला आणि तिच्या जागी जंगल, भूक व अंधार यांवरची एक कविता छापली. ती कविता वाईट होती असे नाही. परंतु एसटीतला कोंबडा, शिष्यवृत्तीसाठी बँकेत घालावे लागणारे हेलपाटे आणि ‘न’–‘ण’ यांचा छळ हे जिल्ह्याचे वास्तव नाही असे मी कशाच्या आधारावर ठरवले, याचे उत्तर मला त्या वेळी देता आले नसते.

परंपरेतील प्रेमवीर

भरताने नाट्यशास्त्रात हास्याचा उगम शृंगारात मानला आहे. शृंगाराची नक्कल झाली की हास्य निपजते, असा त्याच्या विवेचनाचा आशय. मराठीत विनोदाची पद्धतशीर मीमांसा न. चिं. केळकरांनी ‘सुभाषित आणि विनोद’ (1908) या ग्रंथात केली आणि पुढे ‘हास्यविनोदमीमांसा’ (1937) मध्ये ती विस्तारली. मराठी विनोदी लेखनाचा पाया घालणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर नागपुरात जन्मले आणि वकिलीच्या निमित्ताने वऱ्हाडात राहिले. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी यांनी अखेरचे दिवस नागपूरजवळच्या सावनेरला काढले आणि 1919 मध्ये तिथेच देह ठेवला. म्हणजे मराठी विनोदाचे एक घराणे विदर्भाच्या मातीशी बांधलेले आहे. तरी त्यातला प्रेमवीर या मातीचा नव्हता. कोल्हटकरांचा रोख सामाजिक रूढींवर होता आणि गडकऱ्यांच्या नाटकांतले विनोदी प्रेमिक ज्या मध्यमवर्गीय घरांत वावरतात ती घरे कुठल्याही गावची असू शकतात.

महाविद्यालय हे प्रेमाचे स्थळ म्हणून मराठी कादंबरीत रूढ करण्याचे श्रेय बहुतांशी ना. सी. फडके यांच्याकडे जाते. ते स्वतः प्राध्यापक होते. ‘जादूगार’ (1928), ‘दौलत’ (1929) या काळातील त्यांच्या कादंबऱ्यांनी सुशिक्षित तरुण-तरुणींच्या भेटीगाठींना एक मोहक चौकट दिली. त्या चौकटीत फजिती बेताचीच, कारण फडक्यांच्या नायकाचे कपडे मळलेले क्वचितच दिसतात. ते मळवण्याचे काम आचार्य अत्रे यांनी केले. त्यांनी लिहिलेल्या ‘ब्रह्मचारी’ (1938) या चित्रपटातला औदुंबर ब्रह्मचर्याचे व्याख्यान ऐकून पेटून उठतो आणि मग नायिका समोर आल्यावर त्याच्या निश्चयाची जी गाळण उडते ती आजही हसवते. औदुंबर विद्यार्थी नसला, तरी पुढच्या प्रत्येक महाविद्यालयीन प्रेमवीराचा तो थोरला भाऊ आहे.

नंतरचा प्रवास वेगाने सांगता येतो. ‘कोसला’ (1963) मध्ये पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याच्या वसतिगृहात येतो. खानावळीची सेक्रेटरीगिरी, नाटकाची धावपळ, पैशांचा घोळ अशी फजितीची सारी सामग्री या कादंबरीत खच्चून भरली आहे. प्रेमकथा मात्र नाही. गावाकडून आलेल्या तरुणाला पुण्यात हसण्याजोगे सगळे काही मिळते आणि प्रेम तेवढे मिळत नाही, हे नेमाड्यांचे निरीक्षण मला अजून पुरेसे चर्चिले गेले आहे असे वाटत नाही. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ (1982) पुण्याच्या कट्ट्यावर घडते आणि कट्टा ही जागाच मुळी रिकाम्या वेळेची मालकी गृहीत धरते. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (2004) मध्ये नायक नववीतला असला, तरी आमच्या विद्यार्थ्यांना तो आपल्याच वर्गातला वाटतो. आणीबाणीच्या काळातल्या त्या गावात मुकुंद व त्याचे मित्र यांना एक रिकामी इमारत गप्पांसाठी मिळते. माझ्या वर्गात ही कादंबरी शिकवताना एका विद्यार्थ्याने विचारले होते, “सर, त्यांना बसायला अशी जागा कशी मिळाली?” मला तेव्हा हा प्रश्न साहित्यबाह्य वाटला होता. आता तो या लेखाच्या मध्यभागी आहे.

‘सैराट’ आणि पूर्वार्धाचे हसू

2016 च्या एप्रिलमध्ये नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. करमाळा परिसरातल्या ग्रामीण महाविद्यालयात बाकावर बसलेली आर्ची आणि तिच्याकडे पाहत राहणारा परशा यांनी फजितीची ही कथा एकदाची शहराबाहेर आणली. ती आहे म्हणून विहिरीत उडी टाकणारा परशा, चिठ्ठी पोचवणारे लहान मूल, लंगड्या व सल्या यांची मित्रमंडळी या सर्वांना एका फार जुन्या परंपरेचा वारसा आहे. मात्र त्या परंपरेत एक करार अलिखित होता. प्रेमवीर पडेल, भिजेल, मार खाईल, परंतु मरणार नाही. हेन्री बर्गसाँ याने हास्यावरील आपल्या निबंधात (1900) म्हटल्याप्रमाणे हसण्यासाठी भावनेला क्षणभर बधिर व्हावे लागते. प्रेक्षक तसा बधिर होऊ शकतो तो या कराराच्या भरवशावर. मंजुळे यांनी पूर्वार्धात करार पाळला आणि उत्तरार्धात तो मोडला. चित्रपट संपल्यावर पूर्वार्धातले आपले हसू आपल्यालाच बोचू लागते, कारण जात नावाची गोष्ट त्या विहिरीच्या काठावरही उभी होती आणि आपण तिच्याकडे पाहिले नव्हते.

समीक्षकांनी या उत्तरार्धावर पुष्कळ लिहिले, ते योग्यच झाले. माझे लक्ष दुसऱ्या एका परिणामाकडे आहे. ‘सैराट’नंतर ग्रामीण प्रेमकथेचा शेवट रक्तात व्हावा अशी अपेक्षाच जणू रूढ झाली आणि पूर्वार्ध हा केवळ उत्तरार्धाची तयारी ठरला. चित्रपटगृहातून बाहेर पडलेली आमची मुले मात्र पूर्वार्धाबद्दल बोलत होती. आर्चीचे बुलेट चालवणे, ट्रॅक्टर घेऊन येणे, परशाने घाबरणे यांवर ती दिवसचे दिवस हसली. त्यांना उत्तरार्ध कळला नाही असे मानणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. उत्तरार्ध त्यांना ठाऊकच होता. पडद्यावर त्यांनी पूर्वी न पाहिलेली गोष्ट पूर्वार्धात होती.

गडचिरोलीचे साहित्यिक चित्र

गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनाने व्यापलेला, 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आतली. त्याच 2011 मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूरऐवजी त्याला जोडली गेली. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चंद्रपुरात दोनदा भरले. 1979 मध्ये वामन चोरघडे यांच्या आणि 2012 मध्ये वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली. म्हणजे साहित्याच्या नकाशावर हा प्रदेश नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. परंतु तो तिथे कोणत्या रूपात आहे?

विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी, हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाभोवती 1973 पासून उभे राहिलेले अनुभवकथन, वृत्तपत्रांतील कुपोषण, चकमकी आणि वाघ यांच्या बातम्या, यांतून गडचिरोलीचे एक चित्र मराठी मनात स्थिर झाले आहे. या लेखनामागची कळकळ निःसंशय खरी आहे आणि मनोहरांच्या कादंबरीचे मोल मी कमी लेखत नाही. तरीही एकाच प्रकारचे खरे वारंवार सांगितले गेले की बाकीचे खरे नसल्यासारखे होते. या चित्रातल्या तरुणाला शोषित होता येते, बंडखोर होता येते, जंगलाचा ज्ञानी रक्षक होता येते. सायकलवरून पडता येत नाही.

आदिवासी तरुणाच्या बाबतीत हे अधिकच जाणवते. व्हेरिअर एल्विन यांचा बस्तरच्या मुरियांच्या घोटुलावरील ग्रंथ 1947 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या अभ्यासाची छाया, मूळ ग्रंथ न वाचताही, माडियांच्या गोटुलावर लिहिणाऱ्या अनेकांवर पडलेली दिसते. मुरियांविषयीचे विवेचन सरसकट भामरागड-एटापल्लीला लावले जाते आणि आदिवासी प्रेम म्हणजे संकोचरहित, मोकळे, नृत्यमय असे गृहीत धरले जाते. उलट बाजूने पाहिले तर ते केवळ करुण असते. माडिया बोलणाऱ्या घरातला मुलगा अकरावीसाठी अहेरीला किंवा गडचिरोलीला वसतिगृहात येतो, मराठी ही त्याची दुसरी वा तिसरी भाषा असते, समोरच्या बाकावरच्या मुलीशी काय बोलावे यासाठी तो आधी मनातल्या मनात वाक्य जुळवतो आणि ते जुळेपर्यंत तास संपतो. हा बावळटपणा जगातल्या कुठल्याही तरुणाचा आहे. आदिवासी तरुणाला साहित्याने तो दिलेला नाही. स्वर्गातला माणूस बावळट नसतो, आणि बळी पडलेल्याला हसायचे नसते. या दोहोंच्या मधली जागा आपल्या वाङ्मयात रिकामी आहे.

फजितीला लागणारी साधनेही इथे वेगळी आहेत. उपाहारगृह, बाग, गर्दीतले निनावीपण या सोयी शहरी प्रेमविनोदाने गृहीत धरल्या. ज्या गावात प्रत्येक जण कुणाचा तरी मामा लागतो तिथे निनावीपण कुठून आणायचे? म्हणून इथले खरे स्थळ एसटी आहे. मुलींच्या शिक्षणासाठी मानव विकास कार्यक्रमातून आलेल्या निळ्या बसगाड्या, डेपोतला पंखा, पास काढण्याची रांग. दुसरे स्थळ म्हणजे मोबाइलचे नेटवर्क मिळणारी टेकडी किंवा ठरावीक झाड. 2020 मध्ये वर्ग ऑनलाइन झाले तेव्हा दक्षिण गडचिरोलीत अशा जागांवर विद्यार्थी जमत. एकांतात बोलायला म्हणून तिथे गेलेल्याला गावातली निम्मी मंडळी आधीच कानाला फोन लावून उभी दिसावीत, हा प्रसंग कुणा विनोदी लेखकाने लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. कॅलेंडरही वेगळे. धानाची कापणी आणि चुरणे आले की वर्ग ओस पडतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले आणि पुढे तेंदूपत्ता येतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड वर्षानुवर्षे तुटत आले आहे. ‘ती आज आली नाही’ या वाक्याला इथे रुसण्यापलीकडची कितीतरी कारणे असतात.

झाडीपट्टीचा मंच

या सर्व अभावाला एक ठळक अपवाद आहे आणि तो समीक्षेच्या नजरेबाहेर राहिला आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू होतात आणि साधारण होळीपर्यंत रात्र रात्र नाटके चालतात. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे या व्यवसायाचे मोठे केंद्र आहे. दंडार, खडी गंमत या लोकनाट्यांच्या अंगणात ही रंगभूमी वाढली. शंकरपटाशी तिचे नाते घट्ट होते. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या आणि 2023 मध्ये त्याच न्यायालयाने राज्याच्या सुधारित कायद्याला मान्यता दिली. मधल्या काळात पट नसतानाही नाटक टिकले, यावरून त्याचा स्वतःचा जोर लक्षात यावा. मंडईला घरोघरी पाहुणे येतात, नाटकाच्या निमित्ताने उपवर मुलेमुली पाहिली जातात, सोयरिकी जुळतात. प्रेक्षकांतच प्रेमकथेची पूर्वतयारी चाललेली असते आणि समोर मंचावर प्रेमकथा.

या नाटकांतली प्रेमकथा बहुधा दुपदरी असते. वरच्या पदरात शहरात शिकून आलेला, महाविद्यालयीन, पॅन्ट-शर्टातला नायक. त्याचे प्रेम गंभीर, गीतयुक्त, प्रमाण मराठीत. खालच्या पदरात त्याच्या घरचा गडी किंवा गावातला मित्र, म्हणजे विनोदी नट. तो नायकाचे पाहून त्याच थाटात, परंतु झाडीबोलीत, प्रेम करू पाहतो. नायक मघाशी जे वाक्य बोलून गेला तेच हा उलटेसुलटे करून बोलतो आणि मंडप उसळतो. शृंगाराच्या नकलेतून हास्य, हे भरताचे सूत्र इथे अक्षरशः उभे राहते. परंतु एक फरक महत्त्वाचा आहे. ‘दुनियादारी’च्या कट्ट्यावर प्रेमवीराला हसणारे त्याचे बरोबरीचे मित्र असतात. इथे हसणारा गडी आहे, आणि त्याच्यामागे जमिनीवर घोंगडी-शाल पांघरून बसलेला, उद्या सकाळी पुन्हा बांधीत उतरणारा प्रेक्षक आहे. महाविद्यालयात जाणारा तरुण हा त्यांच्या लेखी रिकामा वेळ असलेला माणूस. त्याच्या ‘प्रिये’ या संबोधनावरचे हसू खालून वर जाते. आणि गंमत अशी की हसणाऱ्यांतच, चार मित्रांच्या खांद्याला खांदा लावून, आमचा बी. ए. चा विद्यार्थीही बसलेला असतो. तो शेतकऱ्याचा मुलगा म्हणून हसतो आणि महाविद्यालयीन म्हणून हसला जातो. एकाच वेळी दोन्ही बाजूंना बसण्याची ही सोय मला मराठीतल्या कुठल्याही कादंबरीत आढळली नाही.

बर्गसाँचा सिद्धांत या प्रेक्षागृहात थोडा अडखळतो. तासाभरापूर्वी ज्या म्हातारीने आईच्या मृत्यूच्या प्रवेशाला पदर डोळ्यांना लावला, तीच गड्याच्या प्रेमपत्राला खदखदून हसते आणि पुन्हा पहाटेच्या प्रवेशाला रडते. तिने भावना बधिर केलेली नसते. ती फक्त बाजूला ठेवलेली असते, हाताशी.

झाडीबोलीचा येथे थोडा विचार करायला हवा. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही बोली व इथल्या लोककला यांचा अभ्यास आयुष्यभर निष्ठेने केला. प्रमाण भाषेतला ‘ण’ या बोलीत ‘न’ होतो, ‘ळ’ चा ‘र’ होतो. ‘डोळा’ इथे ‘डोरा’. मुलगा ‘टुरा’, मुलगी ‘टुरी’. आता प्रेमपत्र लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याची अडचण पाहा. घरी-दारी तो ज्या भाषेत हसतो-भांडतो त्या भाषेत प्रेमपत्राचा नमुना त्याने पाहिलेला नाही; ज्या भाषेत नमुने आहेत तिच्यात त्याचा ‘ण’ चुकतो. मंचावरचा विनोदी नट ही अडचण लिहिलेल्या संहितेबाहेर जाऊन, प्रेक्षकांच्या समोर, रोज नव्याने सोडवत असतो. माझ्या विद्यार्थ्याने ती कागदावर सोडवायचा प्रयत्न केला होता आणि दहापैकी सहा गुणांचा तो लाल शेरा खरे तर आम्हां मराठीच्या शिक्षकांवरची टीका होती. ती माझ्या लक्षात आली नाही, याचे एक कारण मी तिचा विषय होतो.

झाडीपट्टीतले विनोदी नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. हजारो प्रयोगांतून माणसे हसवणाऱ्या कलावंताचा हा गौरव सर्वार्थाने उचित होता. त्या वेळी त्यांची जी ओळख करून दिली गेली तिच्यात, अभिनयाच्या जोडीला, नक्षलप्रभावित भागातील वाट चुकलेल्या तरुणांच्या पुनर्वसनाचा आवर्जून उल्लेख होता. ते कार्य थोर आहे यात वाद नाही. मला फक्त असे वाटून गेले की पुण्या-मुंबईच्या विनोदी नटाला पुरस्कार देताना त्याने हसवले एवढे कारण पुरले असते.

मर्यादा आणि एक आक्षेप

या रंगभूमीचे गुणगान करताना तिच्या उणिवा झाकण्याचे कारण नाही. तिच्या विनोदाचा मोठा भाग द्व्यर्थी आहे, सावळा रंग, स्थूल देह, तोतरेपणा यांवर तो सहज घसरतो आणि जातीवरून केलेले विनोद अजून पूर्णपणे गेलेले नाहीत. नृत्याच्या नावाखाली मध्येच घुसवलेल्या लावण्यांनी कथानकाची वाट लागते ती वेगळीच.

याहून मोठा आक्षेप या संपूर्ण परंपरेवर आहे आणि तो माझ्या वर्गातल्या मुलींनी मला शिकवला. ‘प्रेमवीराची फजिती’ या विषयावर एकदा वर्गात चर्चा ठेवली. मुले भरभरून बोलली, मुली गप्प. नंतर एकीने सांगितले, की मुलाची चिठ्ठी सापडली तर ती गंमत असते, मुलीची सापडली तर तिचे शिक्षण बंद होते. तिचे म्हणणे मी त्या दिवसापासून विसरू शकलेलो नाही. औदुंबरापासून परशापर्यंत पडण्या-धडपडण्याचा अधिकार मुलाकडे आहे. मुलीने पडायचे नाही, तिने फक्त पाहून हसायचे किंवा रुसायचे. तिच्या बाबतीत त्याच घटनेचे नाव बदलते आणि ती बदनामी होते. ‘शाळा’त आपण सगळे मुकुंदच्या डोळ्यांनी पाहतो, शिरोडकर त्याच्या आयुष्यातून जाते तेव्हा तिच्या घरात काय घडले असेल याची वाचकाला कल्पनाच करावी लागते. आर्ची या बाबतीत खरोखर वेगळी आहे, पहिले पाऊल ती टाकते, धाडस तिचे असते, घाबरणे परशाचे. पण तिलाही आधार बापाच्या बुलेटचा आणि पाटीलकीचा आहे. निळ्या बसने येणाऱ्या मुलीकडे ट्रॅक्टर नसतो.

झाडीपट्टीच्या मंचावर गड्याच्या जोडीला येणारी विनोदी नटी कधी कधी हा नियम मोडते. ती गड्याला उलट उत्तरे देते, त्याचे पत्र मोठ्याने वाचून दाखवते, प्रसंगी त्याच्यापेक्षा जास्त धडपडते, आणि प्रेक्षकांतल्या बाया त्या वेळी ज्या मोकळेपणाने हसतात तो मोकळेपणा एरवी गावात दिसत नाही. हे हसू रात्रीपुरते असते हे मान्य. ते मंडपाबाहेर किती टिकते, याचा अभ्यास समाजशास्त्राच्या सहकाऱ्यांनी करावा असे मी सुचवीन. मराठी विभागाने करण्यासारखे काम वेगळे आहे. या नाटकांच्या संहिता, विशेषतः विनोदी प्रवेश, बहुतांशी नटांच्या तोंडी असतात. वार्षिकांकांत आलेल्या आणि न आलेल्या विद्यार्थ्यांच्या कथाही कपाटांत असतात, किंवा नसतात.

आमच्या कपाटात त्या नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी मंडईच्या एका रात्री मंचावरच्या गड्याने बाकावर रुमाल टाकून नायिकेसाठी जागा धरली आणि त्या रुमालावर दुसरेच कुणी येऊन बसले. मंडप हसत होता, मला ती नाकारलेली कथा आठवली. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात जाऊन जुन्या वार्षिकांकांची हस्तलिखिते शोधली. विभागाची खोली बदलली तेव्हा ती रद्दीत गेली, असे परिचराने सांगितले. कथेतला कोंबडा, बँक, लाल शाई हे मला आठवते, ते वर लिहिलेच आहे. लाल शाईने दुरुस्त होऊन आलेले ते पत्र नायकाने पुढे तिला दिले की नाही, हे मात्र काही केल्या आठवत नाही.